डाव्या बाजूची सीट

पुढच्या डाव्या सीटखाली सागाच्या दोन फळ्या होत्या. नीट रंधा मारलेल्या, कडा गोल केलेल्या, वर तेलाचा हात फिरवलेला. सीटचे मूळचे बोल्ट काढून लांब बोल्ट घातले होते आणि ते फळ्यांमधून आरपार गाडीच्या तळाला पिळले होते. मी अंगणात गुडघे टेकून, दारातून डोकं आत घालून ते पाहत होतो. माझ्या मागे पुंडलिक हरणे हात पाठीशी बांधून उभे होते, मास्तरांनी वही तपासायला घेतल्यावर मूल उभं राहतं तसे.

"दोन इंच वर घेतली," ते म्हणाले. "आता समोरचा रस्ता पुरा दिसते."

"कोणाला दिसतो?" मी विचारलं. "तुम्ही तर उजवीकडे बसता."

ते चहाचं बघतो म्हणाले आणि घरात गेले.

ही गोष्ट तेरा वर्षांपूर्वीची, परतवाड्याची. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि पुण्यातल्या एका मोटारविषयक मासिकात काम करत होतो. इंजिनिअरिंगनंतर चार वर्षं मी गाड्यांच्या चाचणी विभागात काढली होती, त्यामुळे वाचकांच्या तांत्रिक प्रश्नांना उत्तरं देण्याचं सदर माझ्याकडे आलं होतं. छोट्या एसयूव्ही नुकत्याच बाजारात आल्या होत्या आणि ज्याने त्याने ती घेतली होती. घेतली की महिनाभरात पत्र यायचं. उंची अजून इंचभर वाढवता येईल का, रुंद टायर घातले तर चालतील का, दिवे बदलू का, आवाज दणदणीत करायला काय करू. बहुतेकांना गाडी मिरवायची असे. मी त्यांना शहाणपणाची, थोडी खवचट उत्तरं देई. वाचकांना ती आवडत.

हरण्यांची पत्रं सात महिन्यांत अकरा आली. अक्षर मोत्यासारखं, पोस्टकार्डाच्या शेवटच्या ओळीपर्यंत भरलेलं. प्रश्न मात्र एकमेकांशी भांडणारे. एका पत्रात, वळणावर गाडी झुकू नये म्हणून कडक स्प्रिंगा बसवू का. पुढच्या पत्रात, धक्के बसू नयेत म्हणून टायरमधली हवा किती कमी ठेवू. नव्या प्लास्टिकचा वास कशाने जातो. मागची काच निम्मीच खाली जाते, ती पूर्ण जाईल असं करता येईल का. डावी सीट उंच करता येईल का. इंजिनाबद्दल, वेगाबद्दल, मायलेजबद्दल एक अक्षर नाही. नवव्या पत्राला मी छापील उत्तर दिलं होतं, 'हरणेसाहेब, आपण गाडी घेतली आहे की प्रयोगशाळा?' त्या अंकाचं हसण्यासारखं वाक्य म्हणून ते कार्यालयात बरेच दिवस फिरत होतं.

संपादकांनाच पुढे वाटलं की हा माणूस एकदा बघून यावा. 'वाचकाची गाडी' अशी चार पानं करू, फोटो काढून आण म्हणाले. म्हणून जानेवारीत मी बडनेऱ्याला रेल्वेने उतरलो, तिथून अमरावती, आणि मग एसटीने परतवाडा.

आणि आता फळ्या पाहून माझं हसू गेलं होतं. जोराचा ब्रेक लागला तर त्या लांब बोल्टांवर सीटचा आणि माणसाचा सगळा भार तिरका येणार होता. बोल्ट वाकले असते किंवा लाकूड फाटलं असतं, आणि सीट माणसासकट समोर गेली असती. चहा घेऊन हरणे बाहेर आले तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. एसटीत चौतीस वर्षं ड्रायव्हर होते, एकही अपघात नाही, तसं प्रमाणपत्र ओसरीवर काचेत लावलेलं होतं. अशा माणसाला ब्रेकबद्दल सांगताना मलाच अवघडल्यासारखं होत होतं.

"म्हणजे काढा म्हणता," ते म्हणाले.

"आजच काढा, काकाजी."

ते फळ्यांकडे बघत राहिले. मग पाना आणायला शेजाऱ्याकडे गेले.

ते फाटकाबाहेर पडल्याबरोबर त्यांची बायको ओसरीवर आली. वच्छलाकाकू. उंचीने अगदी लहान, पंचावन्न-छप्पन वयाच्या, अंगणवाडीत सेविका. रोज चार किलोमीटर सायकलने जात आणि चार किलोमीटर परत येत. कप उचलता उचलता त्यांनी माझ्या नवव्या उत्तराचं वाक्य तोंडपाठ म्हणून दाखवलं आणि स्वतःच हसल्या.

मी खजील झालो. त्यांना म्हटलं, काकाजींना वाईट वाटलं असेल.

"त्याहिले वाटलं. मी त लय हासली," त्या म्हणाल्या. "पत्रं मीच लिवतो ना. हे सांगतात, मी लिवतो. त्याहिचं अक्षर त्याहिले बी वाचता येत नाही."

मग त्यांनी एकदा फाटकाकडे पाहिलं आणि खाली बसल्या.

त्यांनी सांगितलं ते असं. लहानपणापासून त्यांना गाडी लागते. साधी मळमळ नव्हे. दोन-तीन वळणं झाली की डोळ्यांपुढे अंधार यायचा, अंग गार पडायचं, उलट्या थांबायच्या नाहीत, आणि मग दोन दिवस अंथरुणात. लग्न होऊन अचलपूरहून आल्या त्या रेंगीत, बैलांच्या. गोळ्या झाल्या, आलं झालं, लिंबू झालं, नाभीला काय काय लावून झालं. नवरा एसटीचा ड्रायव्हर आणि त्या आयुष्यात एकदाही त्याच्या गाडीत बसलेल्या नव्हत्या. रिक्षा, सायकल आणि पाय जिथवर नेतील तिथवरच त्यांचं जग होतं.

एकुलती मुलगी उज्ज्वला. तिचा नवरा धारणीला शिक्षक. परतवाड्याहून धारणी म्हणजे मेळघाटातून पंच्याऐंशी किलोमीटर, आणि त्यातला निम्मा रस्ता नुसता वळणांचा. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि आईने मुलीचं घर पाहिलं नव्हतं. उज्ज्वलाच यायची. दोनदा तिला दिवस गेले आणि दोनदाही पाचव्या-सहाव्या महिन्यात सगळं संपलं. पहिल्या खेपेला काकू जाऊ शकल्या नाहीत. दुसऱ्या खेपेला हट्टाने एसटीत बसल्या. घाटात त्यांची अशी अवस्था झाली की कंडक्टरने गाडी थांबवून त्यांना उतरवलं, आणि समोरून येणाऱ्या गाडीत बसायची हिंमत नव्हती म्हणून त्या घाटाच्या पायथ्याच्या बिहालीपर्यंत चालत खाली आल्या. मुलगी तिकडे एकटीच रडली.

"आता तिसरी खेप हाये," काकू म्हणाल्या. "चवथा लागला. डॉक्टरनं सांगतलं, पलंगावरून उठायचं नाही. उज्ज्वला आता येऊ नाही शकत. मलेच जा लागते."

निवृत्तीच्या पैशांतून हरण्यांनी गाडी घेतली ती, ही खेप राहण्याच्याही आधी, बायकोला एकदा मुलीच्या घरी नेता यावं यासाठी. त्यांनी बायकोला तसं कधी सांगितलं नव्हतं. गाडी आली, आणि ते तिच्याशी झटत राहिले. झुकू नये, हलू नये, वास येऊ नये, वारा भरपूर यावा, उंचावरून रस्ता दिसावा. प्रत्येक प्रश्न ते कारण न सांगता बायकोला लिहायला सांगत आणि ती कारण न विचारता लिहून देई.

हरणे पाना घेऊन आले तेव्हा आम्ही दोघं अंकातल्या एका चित्राबद्दल बोलत होतो.

त्या दिवशी आम्ही फळ्या काढल्या. कडक स्प्रिंगा आणि रुंद टायर मात्र गाडीला होतेच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, गाडी घाटात कशी वागते ते मला बघू द्या, काकूंनाही घेऊ. हरण्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. काकू मागे उभ्या राहून साडीचा पदर खोचत होत्या, त्यांनी काही ऐकलंच नाही असं दाखवलं.

हरणे गाडी फार सुंदर चालवत. गिअर कधी बदलला ते कळायचंसुद्धा नाही. बिहाली मागे पडली, चढ सुरू झाला. काकू डाव्या सीटवर ताठ बसल्या होत्या, दोन्ही काचा खाली. मी मागे बसून वहीत टिपणं घेत होतो. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. चौथ्या वळणावर काकूंचा हात तोंडाशी गेला. हरण्यांनी त्याआधीच गाडी कडेला घेतली होती. त्यांचं निम्मं लक्ष सुरुवातीपासून बायकोकडेच होतं.

काकू उतरून एका दगडावर बसल्या. चेहरा पांढराफटक. हरणे बाटलीतून पाणी देत होते, पाठीवरून हात फिरवत होते आणि माझ्याकडे बघून स्प्रिंगांबद्दल विचारत होते. अजून कडक पाहिजेत का? का मऊ पाहिजेत?

खरं सांगायचं तर मलाही मळमळत होतं. मागच्या सीटवर मान खाली घालून लिहिलं की मला नेहमी होतं. चाचणी विभागात असतानाही व्हायचं. आम्ही तिघं-चौघं इंजिनिअर गाडीत मागे बसून आकडे टिपायचो आणि तासाभरात हिरवे-पिवळे होऊन उतरायचो. चालवणारा मात्र दिवसभर नागमोडी रस्त्यावर गाडी फेकून संध्याकाळी भजी खायचा. हे मी काकूंना बरं वाटावं म्हणून, गंमत म्हणून सांगितलं.

"स्टेअरिंग ज्याच्या हातात असतं त्याला गाडी लागत नाही, काकू. वळण येण्याआधीच त्याच्या अंगाला ते कळलेलं असतं."

काकूंनी मान वर केली.

"कधीच नाही लागत?"

"मी तरी अजून कोणाला लागलेली पाहिली नाही."

त्या दगडावर बसूनच त्यांनी गाडीकडे पाहिलं. उजव्या बाजूच्या दाराकडे. हरण्यांनीही त्यांची नजर पाहिली.

"अवो, ते सायकल नोहे," ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर उतार असल्यामुळे हरणे गाडी चालीच्या वेगाने आणत होते आणि तरी काकूंना दोनदा उतरावं लागलं. घरी येऊन त्या आतल्या खोलीत निजल्या. हरणे अंगणात गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. मी त्यांना समजावू पाहिलं. शिकाऊ परवाना काढता येतो, रोज तासभर चालवलं तर तीन महिने पुष्कळ आहेत, शिवाय शिकवायला घरात तुमच्यासारखा माणूस. ते शांतपणे ऐकत होते आणि एकेक कारण बाजूला ठेवत होते. वय झालं. उंची पुरत नाही. मेळघाटचा घाट म्हणजे खेळ नव्हे. त्या घाटात त्यांनी भल्याभल्या ड्रायव्हरांच्या गाड्या खाली गेलेल्या पाहिल्या होत्या, दोर लावून माणसं वर काढली होती. असल्या रस्त्यावर आपल्या बायकोच्या हातात गाडी द्यायची आणि आपण हातावर हात ठेवून शेजारी बसायचं, हे त्यांच्याने होणार नव्हतं. शेवटी म्हणाले की चौतीस वर्षांत त्यांनी डेपोच्या आवारातसुद्धा कोणाला स्टेअरिंगला हात लावू दिला नाही.

संध्याकाळी काकू उठल्या. त्यांनी भाकरी टाकल्या, आम्हाला वाढलं.  हरणे हात धुऊन आले तेव्हा त्या ताट बाजूला सारून म्हणाल्या,

"चौतीस वर्सं तुमी साऱ्या तालुक्याले नेलं. ज्याले जिथं जायचं तिथं पोचवलं. मले नाही पोचवता आलं. त्यात तुमचा काही गुन्हा नाही. पण आता मलेच मले नेऊ द्या."

हरणे हात पुसायचे थांबले. मग त्यांनी मला विचारलं, हिच्या पायाला क्लच पुरेल का.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही गाडी मूळ होती तशी करायला घेतली. त्यांच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये मूळच्या स्प्रिंगा अजून पडून होत्या. त्या बसवल्या, मूळचे टायर चढवले, चाकं सरळ करून घेतली. सात महिन्यांचे सगळे प्रयोग चार तासांत उतरले. ड्रायव्हरच्या सीटला उंची कमीजास्त करायचा दांडा कंपनीनेच दिलेला होता. हरण्यांची उंची चांगली असल्यामुळे त्याला त्यांनी कधी हातच लावला नव्हता. सीट पूर्ण वर घेतली, पूर्ण पुढे घेतली, आणि काकूंचा पाय क्लचच्या तळापर्यंत पोचला. डाव्या आरशाच्या कोपऱ्यात एक छोटा फुगीर आरसा चिकटवला. एवढाच काय तो बदल.

पहिला धडा त्याच संध्याकाळी शाळेच्या मैदानावर झाला. काकूंनी चपला काढून ठेवल्या; पायाला कळलं पाहिजे म्हणाल्या. गाडी सात वेळा गचके देऊन बंद पडली. आठव्यांदा ती हलली आणि मैदानाच्या त्या टोकापर्यंत जाऊन थांबली. हरणे शेजारच्या सीटवर होते. उतरल्यावर ते म्हणाले की गेल्या चौतीस वर्षांत झाली नाही एवढी छाती आज धडधडली.

त्या रात्रीच्या गाडीने मी परतलो. चार पानांचा लेख काही मी लिहिला नाही. संपादकांना म्हटलं, गाडीत फोटो काढण्यासारखं आता काही उरलं नाही.

पत्रं मात्र येत राहिली आणि आता खाली सही वेगळी होती. 'क्लच अर्धा सुटल्यावर गाडी थरथरते, हा गाडीचा दोष की माझा?' 'चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी हातभर मागे जाते. हे ओरडतात. काय करावे?' 'उतारावर ब्रेक धरून ठेवावा की खालचा गिअर टाकावा? हे गिअर म्हणतात, पण कारण सांगत नाहीत.' मी ते प्रश्न जसेच्या तसे छापत गेलो आणि उत्तरं मन लावून लिहीत गेलो. मला आठवतं, चढावर हँडब्रेक लावून गाडी कशी सोडायची हे लिहायला मी अख्खा दिवस घेतला होता, कारण ते वाचून एक बाई उद्या घाटात जाणार होती. खवचट वाक्य सुचलं तरी आता हात थांबायचा. पुढे दुसऱ्या वाचकांनाही मी छापण्याआधी एक कार्ड टाकू लागलो, गाडीत कोण कोण बसतं ते कळवा म्हणून.

अचलपूरच्या परवान्याच्या कॅम्पला काकू एकदा नापास झाल्या. गाडी मागे घेताना दांड्याला लागली. दुसऱ्या खेपेला, मार्चअखेर, पास झाल्या. पत्रात त्यांनी लिहिलं होतं, 'सातवा लागला आहे. या रविवारी निघतो. तुम्ही मागच्या सीटवर बसायला या. परका माणूस मागे असला की हे कमी बोलतात.'

मी गेलो. पहाटे नव्हे, चांगलं उजाडल्यावर निघालो, जंगलाचा नाका उघडल्यानंतर. काकू अनवाणी स्टेअरिंगवर, हरणे डावीकडे, मी मागे. वही मी पुण्यातच ठेवून आलो होतो. डिकीत डिंकाचे लाडू, जुन्या साड्यांची दुपटी, तुपाची बरणी.

बिहाली गेली. चौथं वळण आलं आणि गेलं. मला काकूंचा चेहरा आरशात दिसत होता. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम, पण तो भीतीचा होता. आठवं, दहावं. मग मी मोजणं सोडलं. हरणे प्रत्येक वळणाआधी उजवा पाय गाडीच्या तळावर दाबत होते, तिथे ब्रेक नव्हता तरी. 'हॉर्न', 'कडेनं घे', 'समोर ट्रक', असं ते पुटपुटत होते. एका चढावर ट्रकमागे थांबावं लागलं. काकूंनी हँडब्रेक ओढला, क्लच हळूहळू सोडला, गाडीने नाक उचललं, आणि एक बोटभरही मागे न जाता ती निघाली. हरण्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. 

घाटमाथ्यापुढे जंगल दाट झालं. मोहाची फुलं रस्त्यावर पडलेली होती आणि त्यांचा गोड, जड वास गाडीत भरला होता. काकू आता थोड्या मोकळ्या झाल्या होत्या. पिवळ्या फुलांचं एक झाड दिसलं तेव्हा त्यांनी ते कशाचं म्हणून विचारलंसुद्धा. उत्तर आलं नाही. मी पुढे वाकून पाहिलं. हरणे डोळे मिटून बसले होते आणि त्यांचा रंग राखेसारखा झाला होता.

"थांबव," ते म्हणाले. "लवकर थांबव."

काकूंनी आरशात पाहिलं, इशारा दिला, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. सगळं क्रमाने. तोवर हरणे दार उघडून सागाच्या झाडांमागे गेले होते. त्यांचा आवाज आम्हाला ऐकू येत होता.

आयुष्यात हा माणूस दुसऱ्याच्या गाडीत घाट चढला नव्हता. चढला तो आपल्याच हातांनी.

काकू पाण्याची बाटली घेऊन गेल्या. मी गाडीपाशीच थांबलो, पण जंगलात सगळं ऐकू येतं. हरणे बुंध्याला टेकून खाली बसले होते आणि काकू त्यांच्या मानेवरून ओला हात फिरवत होत्या. 

"असं होते व्हय तुले?" ते म्हणाले.

"असंच होते."

"दर खेपेले असंच?"

"मंग काय तं."

हरण्यांनी तोंड पुसलं. पुन्हा बोलले तेव्हा आवाज इतका खाली गेला होता की मला निम्मं अंदाजानेच समजलं.

"मले वाटे, होते थोडंसं, पण तुले माह्या गाडीत बसायचंच नाही. मी सायबाले इचारून तुह्यासाठी पुढची सीट ठेवली होती, लगन झालं त्या साली. तू नाही म्हटलं. तवापासून वाटे. कधी बोललो नाही."

काकू त्यांच्याजवळ मातीतच बसल्या.  साडीच्या टोकाने त्यांचं कपाळ पुसलं, मग गळा.

"बसायचं नव्हतं, तं आज काहून गाडी शिकली असती?" त्या म्हणाल्या. "मले दुसरं काय पाह्यजे होतं? तुमच्या बाजूले बसाचं होतं. नाही बसता आलं."

मी रस्त्यावर थोडा पुढे चालत गेलो. दहा-पंधरा मिनिटं मी मोहाच्या झाडाखाली उभा होतो. परत आलो तेव्हा हरणे सीटवर बसलेले होते, काच खाली, आणि काकू त्यांना सांगत होत्या की डोळे मिटायचे नाहीत, लांब बघायचं, समोरच्या वळणाच्या पार, आणि बोलत राहायचं. त्यामुळे मग पुढचा सगळा रस्ता हरणे बोलत होते. सेमाडोहला कोणत्या साली गाडी पुरात अडकली, हरिसालला कोणाच्या घरी मुक्काम असे, कुठल्या वळणावर अस्वल आडवं आलं. हे सगळं काकू पहिल्यांदाच ऐकत होत्या असं नाही, पण ऐकलेली जागा प्रत्यक्ष येत होती, आणि प्रत्येक जागेला त्या गाडी हळू करून ती बघून घेत होत्या. हरण्यांना आणखी दोनदा उतरावं लागलं. दोन्ही वेळा बाटली घेऊन काकूच उतरल्या.

धारणीत आम्ही साडेअकराला शिरलो. ऊन कडक झालं होतं. हरणे डावं-उजवं सांगत होते आणि काकू चालीच्या वेगाने गल्लीतून गाडी नेत होत्या. नऊ वर्षं ज्या घराबद्दल ऐकलं ते घर त्यांनी बाहेरच्या कडुनिंबावरून स्वतःच ओळखलं.

गाडीच्या आवाजाने जावई धावत बाहेर आला. उज्ज्वलाची खाट खिडकीला लावलेली होती. ती कोपरावर थोडी उठून बघत होती. आम्ही येणार हे तिला सांगितलेलं नव्हतं. बाबा डाव्या दारातून उतरले, पांढरेफटक, दाराला धरून. मागून मी उतरलो, ओळख ना पाळख. तिच्या चेहऱ्यावर आधी भीती आली. काहीतरी वाईट घडलंय म्हणून कोणी अनोळखी माणूस आपल्या बापाला घेऊन आलाय, असं तिला वाटलं असणार.

"बाबा, काय झालं? आई कुठं हाये?" तिने खिडकीतून विचारलं. "गाडी कोणी आणली?"

 हरणे गाडीला वळसा घालून उजवीकडे गेले आणि त्यांनी बायकोसाठी दार उघडून धरलं.